सदतीस अंश

नाना पेठेतल्या आमच्या लॅबमध्ये
इन्क्युबेटरचा खालचा कप्पा रिकामाच असायचा.
ऊर्जिता ढमढेरेने तो मागून घेतला, वर्षभरासाठी.
भाडं: दर सोमवारी दोन पॅटिस.
डॉक्टर गोसाव्यांना मी सांगितलं, मुलगी रिसर्च करते.
खोटं नव्हतं. खरं कितपत, ते तिलाही माहीत नसावं.

ती स्वतःला पेरायची.
चायना ग्रास, मटणाचं पाणी, कुकरच्या चार शिट्ट्या,
निवल्यावर पसरट काचेत ओतायचं
आणि वर तळहात. मोजून दहा सेकंद.
"काका, हा स्वारगेटच्या बसचा दांडा धरल्यानंतरचा.
हा कोथिंबीर निवडल्यानंतरचा.
हा भांडल्यानंतरचा."
मी चिठ्ठ्या चिकटवायचो. तारीख, वेळ, उजवा की डावा.
बावीस वर्षं चिठ्ठ्याच चिकटवतोय मी
लोकांच्या आतल्या गोष्टींवर.

दोन दिवसांनी हात उगवायचा.
आधी बोटांची टोकं, पांढरी, टाचणीएवढी,
मग पिवळे ठिपके, मोहरी उडाल्यासारखे,
अंगठ्याखाली एखादा गुलाबी, लाजरा.
भाग्यरेषेच्या जागी मात्र ठणठणाट.
"ज्योतिषी उपाशी मरणार," ती हसायची.

मे महिन्यात अकरा दिवस तिने आंघोळ केली नाही.
काखेत, बेंबीत, कानामागे
कोण कोण राहतं, त्याची शिरगणती.
रिसेप्शनवरच्या पायगुडेबाईंनी उदबत्ती लावली,
तिच्याकडे न बघता.
मी विचारलं, यात कला कुठली?
म्हणाली, तुम्ही रोज बघता ना, तुम्हीच सांगा.
मी कधी बघितलं होतं?
मी मोजलं होतं.

मग एका सोमवारी: "आता तुमचा."
हातमोजा काढला.
तळवा पांढरट, भिजल्या पोह्यासारखा.
ठेवला काचेत. गार लागलं,
आणि, सांगायला लाज वाटते,
कुणीतरी हात हातात घेतल्यासारखं वाटलं.

बुधवारी काही नाही.
गुरुवारी काही नाही.
रविवारी सुट्टी असून गेलो, काच उजेडाला धरली,
तर आरपार माझाच अ‍ॅप्रन.
स्पिरिट, सॅव्हलॉन, पुन्हा स्पिरिट.
बावीस वर्षांत मी अंगावरची अख्खी वस्ती उठवली होती.
सॉरी म्हणालो तिला,
परीक्षेत कोरा पेपर दिल्यासारखं.
"अहो काका, कंट्रोल लागतोच प्रत्येक प्रयोगाला."
बरोबर होतं तिचं.
लागलं ते मला.

घोले रोडच्या कलादालनात एक्कावन्न हात,
खालून दिवे लावलेले, पिवळे, शेवाळी, एक तर जांभळाच.
आणि अगदी शेवटी, खांबाआड, ती कोरी काच.
लोक तिथून चटकन सरकत होते, बाहेर चहा होता.
नलू थांबली.
इतकी थांबली की मागचे वळसा घालून गेले.
"हे तुम्ही," म्हणाली.
नाव नव्हतं त्यावर. विचारलं, अक्षरावरून ओळखलंस?
"चष्मा कुठे आणलाय मी?"

बिबवेवाडीपर्यंत बसमध्ये दोघंही गप्प.

रात्री ती विरजण लावत होती.
दूध कोमट झालं का, ते बघायला करंगळी बुडवते,
एकतीस वर्षं, कसलंही यंत्र न लावता.
एकदा मी लॅबचा थर्मामीटर आणून
तिला खोटं पाडायला गेलो होतो.
सदतीस. बरोब्बर सदतीस.
हे कुणी खालून दिवे लावून दाखवलं नाही.

थांब, म्हटलं, आज मी बघतो.
"हात धुतलेत?"
नाही.
बसचा दांडा धरलाय. जिन्याचा कठडा. आणि मघाशी
रस्ता ओलांडताना तुझं मनगट.

तिने माझ्याकडे बघितलं, दुधाकडे बघितलं,
एक लिटर, म्हशीचं, आजच्या भावाने,
आणि पातेलं माझ्याकडे सरकवलं.

कळेल सकाळी.